आपोआप

घरातले महत्त्वाचे कागद आपण जपून ठेवतो. शेताचा सातबारा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड यांच्या झेरॉक्स काढून पेटीत ठेवतो. मूळ कागद हरवला, तर झेरॉक्स उपयोगी पडते. संगणकालाही अशा प्रतींची गरज असते.

पिंपळगाव राजाला आमच्या घरी एक संगणक आहे. मी त्यावर प्रश्नपत्रिका तयार करते. माझी मुलगी मराठी निबंध टाइप करते. माझे वडील, म्हणजे अब्बा, उर्दूत आपल्या आठवणी लिहितात. एकाच कीबोर्डवर मराठी डावीकडून उजवीकडे उमटते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. अब्बांची नजर कमजोर झाली आहे, म्हणून पडद्यावरची अक्षरे मोठी केली आहेत. या व्यवस्थेला सेटिंग म्हणतात. सेटिंग बिघडली, तर तिघांचेही काम अडते. कधी कधी संगणक सुरूच होत नाही. मग तो उचलून खामगावला न्यावा लागतो.

विंडोज प्रणालीत अशी माहिती 'रजिस्ट्री'मध्ये साठवलेली असते. शाळेत जसे जनरल रजिस्टर, तशी संगणकात रजिस्ट्री. १९९८ साली आलेले विंडोज ९८ रोज एकदा रजिस्ट्रीची प्रत आपोआप काढत असे आणि शेवटच्या पाच प्रती सांभाळत असे. विंडोज १० मध्येही 'रेगबॅक' नावाच्या फोल्डरात प्रती निघत. पण २०१८ सालच्या १८०३ या आवृत्तीपासून, डिस्कवरची जागा वाचावी म्हणून, ही सोय बंद ठेवण्यात आली.

आमचा संगणक विंडोज १० चा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते फोल्डर उघडले. मुलगी शेजारी बसली होती.

"अम्मी, फायली तर आहेत!" ती म्हणाली.

"त्यांचा आकार बघ," मी म्हटले.

प्रत्येक फाइलीपुढे शून्य होते. नावे होती, पण आत काहीच नव्हते. हजेरीपटावर नाव असावे आणि बाकावर कोणी नसावे, तसा हा प्रकार होता. मी सेटिंग परत मिळवण्याची दुसरी सोय पाहिली. तिचे नाव 'सिस्टिम रिस्टोर'. विंडोजमध्ये ती २००० सालापासून आहे. आमच्याकडे तीही बंद होती.

आम्ही कामाला लागलो. प्रथम अब्बांचे सारे लेखन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. मग 'सिस्टिम प्रोटेक्शन' सुरू केले आणि एक 'रिस्टोर पॉइंट' तयार केला. सेटिंग बिघडली, तर त्या दिवशीच्या स्थितीला परत जाता यावे, यासाठी तो असतो.

पण खरेच परत जाता येते का? ते पाहण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम मुद्दाम संगणकात घातला. आता मागे फिरायचे होते. अब्बा काळजीत पडले. "बेटी, संगणक मागे गेला, तर माझी पानेही जातील का?"

"नाही अब्बा. सेटिंग आणि प्रोग्राम मागे जातात. आपण लिहिलेले तसेच राहते."

मध्येच वीज जाऊ नये, म्हणून संगणक इन्व्हर्टरवर लावला होता. बऱ्याच वेळाने पडदा उजळला. नवा प्रोग्राम नाहीसा झाला होता. उर्दू कीबोर्ड आणि मोठी अक्षरे जागच्या जागी होती. अब्बांनी चष्मा लावला आणि पाने मोजली. "सदतीस. बरोबर आहेत," ते म्हणाले आणि हसले.

त्यानंतर रजिस्ट्रीत 'एनेबल पिरिऑडिक बॅकअप' ही नोंद करून तिची किंमत १ ठेवली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. दोन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा रेगबॅकमधल्या फायली भरल्या होत्या. मुलांनो, ही नोंद जाणत्या माणसाला जवळ बसवूनच करावी. तिथे एक चुकीचा आकडाही संगणक बंद पाडू शकतो.

आणखी एक गोष्ट. या सर्व प्रती त्याच डिस्कवर असतात. डिस्क खराब झाली, तर मूळही जाते आणि प्रतही. म्हणून अब्बांची पाने आता दर जुम्याला पेनड्राइव्हवर उतरतात आणि तो पेनड्राइव्ह कपाटात राहतो.

दर महिन्याच्या एक तारखेला माझी मुलगी फायलींचा आकार आणि तारीख पाहून वहीत लिहिते. यंत्र आपोआप काम करते हे खरे, पण ते काम झाले की नाही, हे माणसालाच पाहावे लागते.