कोनाड्यातली किल्ली

आमच्या जामखेडच्या घराची किल्ली कुठे असते, हे साऱ्या आळीला ठाऊक आहे. दाराशेजारच्या कोनाड्यात, पणतीच्या मागे. "मग कुलूप तरी कशाला लावतेस?" असे मी आईला एकदा विचारले. "कुत्री शिरतात म्हणून," ती म्हणाली.

वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी असते. पुण्याला चल म्हटले, की "तिसऱ्या मजल्यावर राहायला मी काय कबूतर आहे?" हे उत्तर ठरलेले. मी पुण्याला मराठी शिकवतो; नगरमार्गे घर गाठायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तेव्हा गेल्या दिवाळीत मी मुलाचे कर्तव्य पैशाने उरकले. दारावर, ओसरीवर, परसात आणि माजघरात असे चार कॅमेरे बसवून घेतले. बसवणारा माझ्या फोनवर चित्र दाखवून म्हणाला, "आता जगात कुठूनही दिसेल, साहेब." जगात कुठूनही दिसेल म्हणजे जगात कुणालाही दिसेल, हा अर्थ निदान मराठीच्या प्राध्यापकाच्या ध्यानात यायला हवा होता. मी मात्र खूश होऊन त्याला चहा पाजला.

तो अर्थ मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितला. मराठीत तो कसाबसा पास झाला होता. आता संगणकाच्या सुरक्षेचे काम करतो. कौतुकाने मी त्याला फोन दाखवला. त्याने विचारले, "सर, पासवर्ड काय ठेवलाय?" मी म्हटले, "होता तोच." तो गप्प झाला. मी परीक्षेत त्याचा पेपर पाहून असाच गप्प होत असे.

मग त्याने माझी शिकवणी घेतली. कारखान्यातून यंत्राबरोबर येणारा पासवर्ड हजारो यंत्रांना एकच असतो. शिवाय बसवणाऱ्याने आमच्या राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी एक दार सताड उघडे ठेवले होते. इंटरनेटवर अशी दारे रात्रंदिवस ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम असतात. 2016 साली 'मिराय' नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमने साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन लाखो कॅमेरे आणि इतर यंत्रे ताब्यात घेतली होती. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने एका कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. आणि 2025 साली राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांतून स्त्रियांच्या तपासणीची चित्रे चोरून विकली गेल्याचे उघडकीस आले. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचे माजघर आले. आई तिथे वेणी घालते. दुपारी पदर सोडून लवंडते. वडिलांच्या फोटोशी बोलते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे जामखेडला गेलो. त्याने राउटरमधले ते दार बंद केले. यंत्रांना आपल्या मनाने दारे उघडण्याची मुभा असते, तीही काढून घेतली. कॅमेऱ्यांतले प्रोग्रॅम अद्ययावत केले. मग राउटरवर 'व्हीपीएन' बसवले. आता माझा फोन आधी स्वतःची ओळख पटवतो, मग एका बंदिस्त बोगद्यातून घरात येतो. "यालाही बाहेर एक दार लागतंच," तो म्हणाला, "पण हातात किल्ली नसली, तर ते ठोठावणाऱ्याला ओसुद्धा देत नाही." नव्या पासवर्डासाठी मी तुकोबांची एक ओळ सुचवली. "नको सर, पुस्तकातली ओळ चोरालाही पाठ असते." शेवटी एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द निवडले. असे वाक्य मी विद्यार्थ्याच्या वहीत खोडलेच असते.

परका कुणी डोकावला होता काय? नोंदींत तशी खूण सापडली नाही. पण जुन्या नोंदी आपोआप पुसल्या गेल्या होत्या. मी आईला सारे खरे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "परक्याचं राहू दे. तू किती वेळा बघत होतास?"

"दिवसातून सात-आठ वेळा," मी म्हणालो.

"मला वाटलं, चोर आल्यावरच ते चालू होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझे वडील स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा उंबऱ्याशी खाकरायचे. आत आम्ही बायामाणसं कशाही बसलेल्या असू."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परक्यांसाठी एवढी कुलपे घातली. पण बोगद्यातून येणारा मी न खाकरताच येत होतो.

माजघरातला आणि ओसरीवरचा कॅमेरा त्याच संध्याकाळी उतरवला. दार आणि परस तेवढे राहिले. कोनाड्यातली किल्लीही उचलावी म्हणून मी हात घातला, तर आई म्हणाली, "राहू दे. ती कुणाला ठाऊक असावी, हे माझं मी ठरवलंय." कारखान्याच्या पासवर्डात आणि तिच्या किल्लीत हाच फरक होता. आता हे छापून आल्यावर तिला कोनाडा बदलावा लागेल, ती गोष्ट वेगळी!

हल्ली कॅमेरा उघडण्यापूर्वी मी आईच्या फोनवर एक घंटी देतो. तेच माझे खाकरणे. कधी ती परसात येऊन तुळशीजवळ उभी राहते, वर बघते. कधी मात्र फोन कट करते. त्या दिवशी मी बघत नाही. संध्याकाळी फोन करून, जेवायला काय केलेस, एवढेच विचारतो.