कार्टरच्या स्पंजामागून

मुंबई

ताई,

या प्रवासाचं कारण तू विचारलंस. गोड्या पाण्यातल्या स्पंजाची एक जात मुंबई बेटावरच्या तळ्यांतून जगाला कळली. आज तिचा पसारा हंगेरीतल्या बालाटोन सरोवरापासून जावा-फिलिपिन्सपर्यंत आणि खाली मॉरिशसपर्यंत सांगतात. तो ज्या पुराव्यावर सांगतात, तो मला पुरेसा वाटत नाही, म्हणून निघालो. या जातीचं आजचं नाव युनापियस कार्टेरी. ज्याच्यावरून ते पडलं तो हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला शल्यवैद्य. मुंबईच्या तळ्यांतल्या पाच स्पंजांचं वर्णन त्यानं 1849 मध्ये छापलं. चारांना नवी नावं दिली, पाचवा मात्र लामार्कनं आधीच नोंदलेला ‘फ्रायाबिलिस’ असावा असं धरलं. तसा तो नव्हता. 1863 मध्ये बॉवरबँकनं तो वेगळा काढला आणि कार्टरचं नाव दिलं. पुढं 1968 मध्ये पेनी आणि रासेक यांनी जगातल्या साऱ्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांची नव्यानं मांडणी केली, त्या मांडणीतून आजची प्रजाती रूढ झाली. ज्या बेटावरून हे नाव निघालं तिथली बहुतेक तळी आता बुजली आहेत. धोबी तलाव, सीपी टँक, गवालिया टँक ही नावं बसच्या पाट्यांवर उरली, पाणी नाही. नावाचं मूळ ठिकाण असं नाहीसं झालं, की पुढच्या प्रत्येक नमुन्याची तुलना पुस्तकातल्या वर्णनाशीच करावी लागते. माझा संशय इथूनच सुरू होतो.

स्पंज ओळखायचा कशावरून? आकारावरून नाही. एकच जात वाहत्या पाण्यात पातळ पापुद्र्यासारखी पसरते आणि साचलेल्या पाण्यात गोळा होऊन फुगते. रंगावरूनही नाही, कारण उजेडात अंगात शेवाळ वाढलं की स्पंज हिरवा दिसतो, सावलीत तोच राखी. उरतात त्या सिलिकाच्या सूक्ष्म सुया, म्हणजे कंटिका. पुष्कळ जातींत त्या काटेरी, चक्राकार, नक्षीदार असतात, त्यामुळे काम सोपं होतं. कार्टेरीच्या सुया मात्र गुळगुळीत आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार, बाकी काही नाही. म्हणून सगळी भिस्त जेम्यूलवर येते. पाणी आटू लागलं की स्पंज मरतो आणि मागे मोहरीहून बारीक गोळ्या ठेवतो, त्या जेम्यूल. कोरड्यात तगून राहायचं आणि पाणी आलं की नवा स्पंज उभा करायचा, हे त्यांचं काम. कार्टेरीच्या जेम्यूलवर हवेनं भरलेल्या बहुकोनी कोशिकांचं जाड वेष्टण असतं, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते. आता गंमत बघ. बालाटोनमधला आणि मुंबईतला स्पंज एकच, असं आपण मुख्यतः या वेष्टणावरून ठरवतो. मग एवढ्या लांब तो पोचला कसा, असं कुणी विचारलं की उत्तर देतो, वेष्टण तरंगतं म्हणून. एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करून त्याला दोन साक्षी म्हणायचं, हा प्रकार मला पटत नाही.

इगतपुरी

ताई, तुझा आक्षेप मिळाला. नारळाचं सोडणही ओळखीची खूण आहे आणि समुद्रावर तेच त्याला तरंगवतं, म्हणून कुणी नारळाच्या वर्गीकरणावर शंका घेतो का, असं तू लिहितेस. घेत नाही, कारण नारळाची झावळी, फुलोरा, खोड हे सगळं सोडणाला दुजोरा देतं. सोडण बाजूला ठेवलं तरी नारळ नारळच राहतो. कार्टेरीचं वेष्टण बाजूला ठेवलं तर हातात चार गुळगुळीत सुया उरतात, आणि तशा सुया इतर जातींतही सापडतात. जेम्यूलवर विसंबून प्रजाती बांधली की काय होतं याचं एक उदाहरण क्रोएशियातलं. ओगुलिनजवळच्या गुहांत राहणारा एक स्पंज 1984 मध्ये युनापियस सबटेरेनियस या नावानं नोंदवला गेला. पुढं त्याचा डीएनए तपासला तेव्हा तो इतर युनापियसपेक्षा एफिडेशिया या दुसऱ्याच प्रजातीला जवळचा निघाला. गुहेत कायम अंधार असतो, पाणीही बारमाही, तिथं कुठलाही प्राणी चाकोरीबाहेर जातो, तेव्हा एका अपवादावर काय बांधायचं, असं म्हणता येईल. ते मान्य. यावरून कार्टेरी म्हणजे अनेक जातींचं गाठोडं आहे असं सिद्ध होत नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. जेम्यूल सारखी म्हणजे नातं जवळचं, हा नियम आंधळेपणानं लावू नये, एवढंच त्यातून निघतं.

दुसरा आक्षेप बदकांचा. जेम्यूल कोरडी राहते, थंडी सोसते, पिसांना किंवा पायाच्या चिखलाला चिकटून मैलोगणती जाऊ शकते. शिवाय माणसं पाणवनस्पती इकडच्या तिकडे नेतात, तो भाग वेगळाच. हे सारं शक्य आहे. पण शक्य असणं आणि घडलेलं असणं यांत अंतर आहे, आणि ते मोजता येतं. बालाटोन, मॉरिशस आणि दख्खन या तिन्हींकडच्या नमुन्यांत वारंवार देवाणघेवाण होत आली असेल तर त्यांच्या जनुकांत फार फरक दिसणार नाही. फरक मोठा निघाला तर बदकांना या प्रकरणातून मुक्त करावं लागेल.

मेढा, जि. सातारा

वेण्णेच्या काठावरून लिहितो आहे. आतापर्यंत तरंगणाऱ्या जेम्यूलबद्दल लिहिलं, आता चिकटणारीबद्दल. सह्याद्रीतल्या काही स्पंजांची जेम्यूल दगडाला घट्ट डकलेली असते, स्पंज मेला तरी ती जागा सोडत नाही. स्ट्रॅटोस्पंजिला बॉम्बेएन्सिस ही त्यातली एक, तीही कार्टरनंच 1882 मध्ये वर्णन केलेली. वेष्टण आणि पसारा यांचं समीकरण खरं असतं तर ही जात इथल्याच दोन-चार ओढ्यांत अडकायला हवी होती. पण तिची नोंद दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागातूनही आहे. म्हणजे तरंगणारा लांब गेला कारण तो तरंगतो, आणि चिकटणाराही लांबच सापडतो!

याला जुनं उत्तर तयार आहे: एके काळी भारत आणि आफ्रिका जोडलेले होते. त्याच्या बाजूनं एक चांगला पुरावाही आहे. लिम्नोक्नायडा ही गोड्या पाण्यातली जेलीफिश फक्त आफ्रिकेतलीच अशी समजूत होती. ती 1912 च्या सुमारास आपल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना याच सातारी मुलखातल्या नद्यांत सापडली. गोड्या पाण्यातल्या भारतीय स्पंजांवर 1911 मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅनंडेलनं तिचं वर्णन केलं. तेव्हा आफ्रिकेशी नातं जोडण्याची हौस मी समजू शकतो. तरी वयांचा हिशेब जुळत नाही. आफ्रिकेपासून हा भूभाग सुटायला लागून सुमारे 16 कोटी वर्षं झाली, मादागास्करपासून सुमारे 9 कोटी. आणि हे स्पंज ज्या काळ्या दगडाला चिकटतात तो बेसाल्ट जेमतेम 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हातून थिजला. हा दगड तयार झाला तेव्हा आफ्रिका केव्हाच दूर गेली होती. स्पंज लाव्हा न पोचलेल्या भागात तग धरून नंतर इथं आले असतील, याला माझी ना नाही. पण इतक्या काळात सुईचा आकारही न बदलता दोन खंडांत एकच जात राहिली, हे मानण्यापेक्षा दोन जातींना आपण एक नाव दिलं असावं, हे मला अधिक संभवनीय वाटतं. कोणी म्हणेल, याच न्यायानं प्रत्येक दूरच्या नोंदीला नवी जात करायची का? नाही, नुसत्या अंतरावरून नवी नावं पाडणं हाही आळसच. नाव आहे तेच ठेवावं, पण नकाशावर सलग रंग भरू नये. नमुना जिथं हातात आला तिथं टिंब द्यावं, टिंबांमधली जागा कोरी ठेवावी.

टिंबं वाढवणं मात्र तुझ्या शाळेलाही जमण्यासारखं आहे. उन्हाळ्यात तुमच्या गावच्या तळ्याचं पाणी उतरलं की मुलांना पुलाच्या खांबांवर, पायऱ्यांवर, बुडालेल्या फांद्यांवर वाळलेला ठिसूळ राखी थर शोधायला सांग. सापडला तर खरवडून आणू नका, लहान दगड असेल तर दगडासकटच उचला, कारण चिकट जेम्यूल दगडावरच राहते. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर ठिकाण आणि तारीख लिहा. आणि हात धुतल्याशिवाय कुणाला डोळे चोळू देऊ नकोस, त्या सुया डोळ्यांत फार टोचतात.

तुझा धाकटा भाऊ