गौरीकुंड : केदारनाथच्या पायवाटेची सुरुवात

केदारनाथच्या यात्रेत गाडीरस्ता गौरीकुंडाला संपतो. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यातले हे गाव मंदाकिनीच्या काठी, सुमारे १,९८० मीटर उंचीवर आहे. यात्रेकरूंच्या गाड्या अलीकडे सोनप्रयागलाच थांबतात. तिथून गौरीकुंडापर्यंतचे सुमारे ५ किलोमीटर स्थानिक जीपने जावे लागते. वाटेत मुनकटियाला मस्तक नसलेल्या गणेशाचे देऊळ लागते.

शंकर पती म्हणून लाभावा यासाठी पार्वतीने इथे तप केले आणि दोघांचा विवाह जवळच्या त्रियुगीनारायणला झाला, अशी श्रद्धा आहे. अंगाच्या मळापासून घडवलेल्या बाळाला राखणीला बसवून गौरी स्नानाला गेली तेही इथेच, असे मानतात. मुनकटियाचा गणेश याच कथेतला.

गौरीकुंडात गरम पाण्याचे कुंड आहे, पण या परिसरात ज्वालामुखी नाही. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ हा हिमालयाच्या जडणघडणीतला मोठा विभंग याच पट्ट्यातून जातो, त्यामुळे इथला खडक भेगाळलेला आहे. तप्तकुंडात स्नान करून, गौरामाईचे दर्शन घेऊन चढणीला लागण्याची परंपरा आहे. उखीमठहून निघालेली केदारनाथाची पंचमुखी डोलीही वर जाताना इथे मुक्काम करते.

जून २०१३ च्या महापुरात कुंडाचे जुने बांधकाम उद्ध्वस्त झाले. गरम पाण्याची धार मात्र आटली नाही. त्याच पुराने रामबाडा ही वाटेवरची चट्टी (मुक्कामाची जागा) पुसून टाकली आणि पायवाटही बदलली. पूर्वीची १४ किलोमीटरची चाल आता सुमारे १६ किलोमीटर आहे. गौरीकुंडाहून चिरबासा, जंगलचट्टी आणि भीमबलीपर्यंत वाट झाडीतून चढते. रामबाड्याजवळ पुलावरून मंदाकिनी ओलांडली की लिनचोलीची खडी चढण सुरू होते. झाडे विरळ होतात, हवाही विरळ होते. चालणे न झेपणाऱ्यांसाठी खेचर, दंडी (पालखी) आणि कंडी असतात. कंडीत बसलेल्या यात्रेकरूला कंडीवाला पाठीवर वाहून नेतो.

सुमारे १,६०० मीटर चढून गेल्यावर दरी रुंदावते आणि ३,५८३ मीटर उंचीवर, हिमशिखरांच्या पायथ्याशी, केदारनाथाचे दगडी मंदिर समोर येते.