आठशेला हात लावू नका

संपादकांनी फोनवर दोन अटी घातल्या. लेख घरगुती सीएनसी यंत्रावर हवा, आणि फराळ खाता खाता कुणालाही वाचता यायला हवा. पहिली अट पाळतो. दुसरीची हमी देत नाही. ह्या विषयातले आकडे काढून टाकले की मागे नुसतं कौतुक उरतं, आणि ते करायला व्हिडिओवाले पुष्कळ आहेत.

आधी यंत्र काय ते सांगतो. टेबलावर मावणारी ॲल्युमिनियमची चौकट, तीन मोटरी, तीन स्क्रू आणि वर गरगर फिरणारं एक टूल. संगणकाने आखून दिलेल्या वाटेने ते लाकूड, ॲक्रिलिक, पितळ कापत जातं. बाजारात 3018 नावाने मिळतं ते सगळ्यांत लोकप्रिय. कामाची जागा 300 बाय 180 मिलिमीटर, म्हणून ते नाव. वीसेक हजारांत खोक्यातून सुटं घरी येतं आणि मग शेजारपाजारचे विचारतात, "थ्रीडी प्रिंटरच ना हा?" प्रिंटर वितळलेलं प्लास्टिक एकावर एक ठेवत जातो, त्याला उलट ढकलणारं कुणी नसतं. इथे टूल जॉबला, म्हणजे कापायच्या वस्तूला, ढकलतं आणि जॉब टूलला परत ढकलतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी ह्या परतीच्या ढकलण्यातून येतात.

माझी उमेदीची वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. तिथली मिलिंग मशिनं ओतीव बिडाची, काही टन वजनाची. मोटरीच्या मागे एन्कोडर असतो, तो मोटर खरोखर फिरली की नाही हे कंट्रोलला सतत कळवत राहतो. घरच्या यंत्रातली स्टेपर मोटर आंधळी. तिला 1,000 पावलं टाक म्हटलं आणि टूल अडकल्यामुळे तिने 990 टाकली, तर उरलेली 10 कुठे गेली हे तिलाही ठाऊक नसतं आणि संगणकालाही. पुढचा सगळा जॉब तेवढा सरकून निघतो.

तरी कौतुक वाटतंच. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे नेमके कापता यावेत म्हणून जॉन पार्सन्स ह्या अमेरिकन कारखानदाराने ह्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि एमआयटीच्या सर्व्हो प्रयोगशाळेने 1952 साली छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशिन लोकांना दाखवलं. त्याच्या कंट्रोलला निर्वात नळ्यांनी भरलेलं मोठं कपाट लागत होतं. 2009 साली सिमेन स्वाले स्कॉग्सरूड ह्या नॉर्वेच्या माणसाने जीआरबीएल नावाचा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला. तो आर्डुइनो उनो ह्या छोट्या बोर्डवर चालतो, ज्याची तात्पुरती स्मृती (रॅम) फक्त 2 किलोबाइट. तीन मोटरी एकाच वेळी, एकमेकींशी मेळ राखून, वेग वाढवत-उतरवत पळवायच्या, त्याही एवढ्याशा जागेत. टूलरूमच्या माणसाने टोपी काढावी असं हे काम आहे. दोष प्रोग्रॅममध्ये क्वचितच सापडतो. लोक मात्र नेमके तिथेच बोटं घालतात.

यंदा श्रावणात मिरजेच्या एका मुलाचा फोन आला. घराणं तंतुवाद्यं बनवणारं. तंबोऱ्यावर पांढरी पानं-वेलबुट्टी जडवतात, ती हाताने कापण्यात वडिलांचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून ह्याने यंत्र घेतलेलं. पातळ ॲक्रिलिकमधून पान कापायचं, लाकडात त्याच मापाची खाच काढायची आणि पान खाचेत बसवायचं. "काका, पान सैल बसतंय. कॅलिब्रेशन केलं तरी सैलच राहिलं. आणि संध्याकाळी यंत्र मधेच बंद पडतं."

कॅलिब्रेशन म्हणजे काय केलंस, असं विचारलं तेव्हा मला हवं तेच उत्तर आलं, म्हणजे नको असलेलं. त्याने प्रोग्रॅममधल्या 800 चे 804.02 केले होते.

आता हा विषय निघालाच आहे तर सविस्तर बोलतो. वाचकांनी हवं तर एक परिच्छेद गाळावा, पण ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी गाळू नये. मोटर एका फेरीत 200 पावलं टाकते. ड्रायव्हर एकेका पावलाचे 16 भाग करतो, म्हणजे फेरीला 3,200. ह्या यंत्राचा स्क्रू एका फेरीत 4 मिलिमीटर पुढे नेतो. 3,200 भागिले 4, म्हणजे मिलिमीटरला 800. हा आकडा लोखंडातून आलेला आहे, त्यात आवडीनिवडीला जागा नाही. व्हिडिओवाले सांगतात की 20 मिलिमीटरचा चौकोन कापा, व्हर्निअरने मोजा, 19.9 भरला तर 800 ला 20 ने गुणून 19.9 ने भागा आणि येईल तो आकडा भरा. त्रैराशिक बिनचूक आहे, पण चूक मापाच्या प्रमाणात वाढते असं त्यात धरून चाललेलं आहे. तसं होत नाही. टूल वाकडं फिरत असेल तर 3 मिलिमीटरचं टूल 3.1 ची चर पाडतं, मग चौकोन 20 चा असो की 60 चा, तो 0.1 नेच लहान येतो. 804 भरल्यावर 20 चा बरोबर येईल आणि 60 चा 60.2 होईल. मिरजेच्या कामात तर ह्याची सरळ परीक्षाच होती. टूल जाड कापत असेल तर बाहेरून कापलेलं पान 0.1 ने लहान येतं आणि आतून कोरलेली खाच 0.1 ने मोठी. आकडा वाढवला की पान मापात येतं, पण खाच आणखी मोठी होते. फट तेवढीच राहते, मोठ्या पानांत तर दोन्ही मापं बिघडतात.

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. पट्टा ताणतो, तिथे लांब अंतरावर मोजून आकडा सुधारणं एक वेळ मान्य. स्वस्तातल्या स्क्रूचा पिचही थोडा चुकलेला असू शकतो. पण तो जॉब कापून आणि व्हर्निअर लावून कळत नाही, त्याला टूल न लावता बेडलाच, म्हणजे सरकणाऱ्या टेबलालाच, सूक्ष्म अंतर दाखवणारी डायल लावावी लागते. हे मी कितीजणांना सांगितलं! ऐकून घेतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन 803.6 भरतात. आकडा बदलायला एक मिनिट लागतं, स्क्रूड्रायव्हर शोधायला दहा.

मिरजेला गेलो. 800 परत भरले, बेडला डायल लावली, 10 मिलिमीटर सरकायला सांगितलं. काटा 10 वर येऊन थांबला. तिथून उलटा 5 मिलिमीटर आणला तर काटा 0.12 ने मागे राहिला. हा बॅकलॅश, म्हणजे नट आणि स्क्रू यांच्यातला प्ले. त्याची खूण कापलेल्या वर्तुळावर दिसते. बेड जिथे दिशा बदलतो तिथे, पुढच्या आणि मागच्या टोकाला, छोटी सपाटी येते. स्प्रिंगवाला नट घातला, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळले. निम्म्या घरांत हे ग्रब स्क्रूच ढिले असतात आणि मालक इंटरनेटवर रात्री जागवत असतो.

मग टूल. डायलचा काटा टूलच्या दांड्याला टेकवून स्पिंडल हाताने फिरवला तर काटा 0.1 हलत होता. ह्या यंत्रांत मोटरीच्या 5 मिलिमीटरच्या शाफ्टवर टूल धरणारी कोलेटची नळी बसवतात आणि बाजूने ग्रब स्क्रू पिळतात. स्क्रू एका बाजूने रेटतो, म्हणजे नळी मध्यापासून सरकणारच. त्याऐवजी चपखल भोकाची नळी गरम करून चढवली. काटा 0.03 वर आला. एक चर कापून तिची रुंदी मोजली आणि टूलचा व्यास म्हणून तीच रुंदी संगणकात भरली. आकडा बदलायचाच असेल तर तो हा.

ॲक्रिलिक वितळून टूलला चिकटतं, ही त्याची आणखी एक तक्रार होती. नवखा माणूस भीतीपोटी यंत्र हळू चालवतो. 10,000 फेऱ्यांवर एका धारेचं टूल मिनिटाला 100 मिलिमीटर सरकवलं तर धारेच्या वाट्याला फेरीमागे 0.01 मिलिमीटर येतं. तेवढ्यात ती कापत नाही, घासते, आणि घासण्यातून उष्णता होते. मिनिटाला 500 केलं. कोरडी, सुटी चिप उडायला लागली.

हे सगळं चालू असताना त्याचे वडील बाजूला बसून होते. पान बसवलेल्या खाचेवरून त्यांनी नख फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि म्हणाले, "साहेब, हे रोज लावून घ्यावं लागतं का, तंबोऱ्यासारखं?" मी म्हटलं, रोज नाही, पण जागा हलवली की हो. ते मुलाकडे बघून हसले. का ते मला कळलं नाही.

राहिली संध्याकाळची तक्रार. यंत्र मधेच थांबतं आणि पडद्यावर अलार्म 1 येतो, म्हणजे हद्दीचं बटण दाबलं गेलं, जे कुणीच दाबलेलं नसतं. मी विचारलं, यंत्राला हात लावला की मुंग्या येतात का? येत होत्या. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे वायर नव्हती. अशा ठिकाणी पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे यंत्राचं अंग मेन्सच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. प्रवाह नगण्य, पण टेस्टर पेटतो. त्यात बटणांच्या लांब, उघड्या वायरी अँटेनाचं काम करतात. शेजारची पाण्याची मोटर सुरू झाली की एक ठिणगी आणि एक अलार्म. मुलाला गौरीगणपतीच्या आधी काम पोचवायचं होतं, म्हणून एकाच संध्याकाळी तीन गोष्टी केल्या. तात्पुरती अर्थिंगची वायर ओढली, बटणांना शील्डेड वायर घातली आणि प्रत्येक बटणावर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. अलार्म गेला. तिघांतल्या कशाने गेला, हे मात्र अजून डोक्यात घोळतंय. टूलरूममध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यायचो. माझा अंदाज अर्थिंगचा. पण अंदाजावर बिल लावणं मला आवडत नाही.

परवा पुन्हा फोन आला. पाण्याने थंड होणारा दीड किलोवॉटचा स्पिंडल मागवलाय, 24,000 फेऱ्यांचा, "तुम्ही कधी येता?" ह्या चौकटीला ते वजन पेलणार नाही, हे मी सांगून पाहिलं. त्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा विद्युत गोंगाट शेजारच्या मोटरीच्या कितीतरी वर असतो, हेही सांगितलं. ऑर्डर रद्द होत नाही म्हणाला. मग म्हटलं, आधी इलेक्ट्रिशियन बोलाव, अंगणात खड्डा घेऊन पक्कं अर्थिंग करून घे आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून मला आकडा कळव. आकडा अजून आलेला नाही.