बॅटरी उतरली तेव्हा

रमजान होता. सहेरी उरकून अम्मीला डायलिसिसला न्यायचे होते. चावी फिरवली, तर नुसती टकटक. रात्री गाडीतला दिवा माझ्याच हातून चालू राहिला होता. अम्मी मागच्या सीटवर तसबीह फिरवत गप्प बसलेली. शेजारचे काका लुंगीवरच आपली गाडी घेऊन आले, केबल जोडली, आमची गाडी सुरू झाली.

"सर, दर वेळी मी घरी असेनच असं नाही," ते म्हणाले.

म्हणून जंप स्टार्टर घ्यायचे ठरवले. खोक्यावरचा 'पीक' अँपिअरचा मोठा आकडा क्षणभराचा असतो. इंजिन फिरवताना मिळणारा करंट पाहावा. माझी गाडी डिझेलची, तिला पेट्रोल गाडीपेक्षा जास्त जोर लागतो. चिमटे उलटे लागले तर करंट अडवणारी सोय हवीच. लिथियमचे हे यंत्र उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये, आणि न वापरताही दर तीनेक महिन्यांनी चार्ज करावे. आमचे आता दाराजवळ, अम्मीच्या फाइलशेजारी असते.

पण मेकॅनिकने बॅटरी तपासली आणि म्हणाला, "पाच वर्षं झाली सर, हिचं आयुष्य संपलं." यंत्र त्या वेळेपुरते निभावून नेते, दुखणे बरे करत नाही. बॅटरी बदलता आली. घरी परतताना मात्र अम्मीच्या सोमवार-गुरुवारचाच विचार मनात होता.