शीलाताई

गेल्या रविवारी आईने पेपरातला निधनाचा चौकोन माझ्यापुढे धरला. "फोटो शीलाताईचा, आणि खाली नाव भलतंच छापलंय बघ."

भलतंच नव्हतं. शर्ली हेच तिचं नाव. वसईला आमच्या घरामागे ती कपडे शिवायची. आईच्या जिभेला शर्ली जड, म्हणून चाळीस वर्षं आमच्या घरापुरती ती शीलाताई. या एका गोष्टीसाठी आईवर माझा राग आहे, आणि आईहून जास्त माझ्यावर.

कारण एकदा, मी नववीत असताना, बाहीचं माप घेता घेता ती म्हणाली होती, "माझं नाव शर्ली आहे गं." तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तेही धड उमटलं नाही. मी "हो" म्हटलं, आणि निघताना "येते हं शीलाताई."

परवा नावाचा अर्थ शोधत बसले. जुन्या इंग्रजीतून आलेलं. अर्थ, रानातली उजळ, मोकळी जागा. आधी ते गावांचं नाव, मग तिथल्या माणसांचं आडनाव. आपण 'कर' लावतो, त्यांनी तेवढंही लावलं नाही. ते बायकांचं झालं एका कादंबरीमुळे. शार्लट ब्राँटीची 'शर्ली', १८४९. नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता. मुलगी झाली, तर मुलासाठी राखलेलं नाव त्यांनी तिलाच देऊन टाकलं. ही नायिका शार्लटने धाकट्या बहिणीवरून, एमिलीवरून बेतली होती. कादंबरी पुरी होण्याआधीच एमिली गेली. तिच्याआधी भाऊ गेला होता, तिच्यामागून दुसरी बहीण ॲनही. नऊ महिन्यांत तिघं. एवढं वाचून मी उठले आणि उगाच कपाट आवरायला घेतलं.

शर्लीचं आडनाव पोर्तुगीज, चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली तरी मागे राहिलेलं. आडनाव एका साहेबाचं, नाव दुसऱ्या साहेबाचं आडनाव. असेना. ते तिचं होतं. शीला तिचं नव्हतं.

कपाटात नववीतला ब्लाउज सापडला, गॅदरिंगसाठी तिनेच शिवलेला. "आत माया ठेवलीय, अंग भरलं की उसव," म्हणाली होती. मी दोनदा उसवला. काल उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना अजून अर्धा अर्धा इंच माया शिल्लक आहे.