पाटी उतरलेलं बंदर

सीकूमच्या धक्क्यावरून सुटलेली फेरी मर्सी नदीच्या मध्यावर आली की लिव्हरपूल एका नजरेत मावतं. समोर पियर हेडवर तीन थोराड इमारती ओळीने उभ्या: 1907 सालची बंदर कचेरी, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पुरी झालेली क्युनार्ड बिल्डिंग आणि 1911 ची रॉयल लायव्हर बिल्डिंग. तिच्या दोन मनोऱ्यांवर तांब्याचे दोन अवाढव्य पक्षी पंख उभारून बसलेत. उजवीकडे अल्बर्ट गोदीच्या लाल विटांच्या वखारी. डावीकडे, उत्तरेला, ओसाड गोद्या, काचेचे काही टॉवर आणि पार टोकाला एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम. त्या स्टेडियमपायी लिव्हरपूलने जागतिक वारशाचा मान गमावला, असं कुणीही सांगतं. अर्धंच खरं आहे ते. उरलेलं अर्धं बघायचं म्हणून मी फेरीतून उतरून उत्तरेची वाट धरणार होते.

पण आधी आपला संबंध सांगते. 2004 मध्ये चीनमधल्या सुझोऊला युनेस्कोच्या वारसा समितीची बैठक झाली. त्या एकाच बैठकीत आपलं छत्रपती शिवाजी टर्मिनस यादीत गेलं आणि लिव्हरपूलचं बंदरही. हा योगायोग असला तरी दोन्ही शहरांची नाळ त्याहून जुनी आहे. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. लिव्हरपूलच्या दलालांनी मोर्चा मुंबईकडे वळवला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. आलेल्या पैशाचं काय करायचं हे न सुचल्याने मुंबईने बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या काढून त्यांच्या शेअर्सवर जुगार मांडला. 1865 ला युद्ध थांबलं आणि सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतला राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. इकडे लिव्हरपूलच्या ओल्ड हॉल स्ट्रीटवर 1906 साली बांधलेलं कापूस बाजाराचं आलिशान भवन होतं. 1960 च्या दशकात त्याची दर्शनी बाजू पाडून तिथे सपाट, कचेरीछाप तोंड बसवलं. तेव्हा ना युनेस्कोची यादी होती, ना कुणाला फारसं वाईट वाटलं.

अल्बर्ट गोदीत पर्यटकांची झुंबड असते. 1846 ची ही गोदी जेसी हार्टली नावाच्या अभियंत्याची. दारू, साखर, कापूस पेटून वखारीच्या वखारी खाक होत, म्हणून त्याने बांधणीत लाकूड वापरलंच नाही. ओतीव लोखंड, वीट, दगड, बस्स. गोदीकाठच्या जाडजूड लोखंडी खांबांना कवेत घेता येत नाही. जहाजं मोठी झाली तशी गोदी निरुपयोगी ठरली, 1972 ला बंद पडली आणि गाळाने भरली. शहरही तसंच रोडावत चाललं होतं: 1931 ला साडेआठ लाखांच्या घरात असलेली वस्ती 2001 पर्यंत साडेचार लाखांच्याही खाली आली. 1981 मध्ये टॉक्स्टेथच्या दंगली झाल्या, तेव्हा थॅचर सरकारचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी या शहराचा ऱ्हास होऊ द्यावा, फक्त तो शिस्तीत व्हावा, अशा अर्थाची खासगी सूचना केली होती. तीस वर्षांनी कागद खुले झाले तेव्हा ती उघडकीला आली. गोदी वाचवली ती लंडनहून नेमलेल्या विकास महामंडळाने, तिथल्या महापालिकेच्या डोक्यावरून. 1988 ला तीत टेट कलादालन उघडलं. लिव्हरपूलकरांना त्या उपकाराचं कौतुक आहे आणि सलही आहे.

पियर हेड मागे टाकून रीजंट रोडला लागलं की पर्यटक संपतात. डाव्या हाताला गोद्यांची भिंत सुरू होते. हार्टलीचीच. ग्रॅनाइटचे वेडेवाकडे, मिळतील त्या आकाराचे दगड एकात एक असे बसवलेत की फटीत नख शिरत नाही. मध्येच किल्ल्यासारखे बुरूज असलेली दारं. चोरांपासून माल राखायला बांधलेली ही भिंत आता आतली पडीक जमीन राखते. स्टॅन्ली गोदीपाशी 1901 ची तंबाखूची वखार आहे, दोन कोटी सत्तर लाख विटांची. तिच्यात आता सदनिका आहेत आणि समोरच्या रमच्या वखारीत हॉटेल. हे काम चांगलं झालंय. मजल्यांची उंची मुळातच इतकी कमी की राहणाऱ्यांची मला थोडी काळजी वाटली, तेवढंच.

याच पट्ट्यातली साठ हेक्टर जमीन पील या खासगी कंपनीच्या ताब्यात. तिथे साडेपाच अब्ज पौंडांचं नवं नगर उभारायचा तिचा बेत. महापालिकेने 2012 मध्ये त्याला आराखड्याची मंजुरी दिली आणि युनेस्कोने त्याच वर्षी लिव्हरपूलला धोक्याच्या यादीत टाकलं. म्हणजे स्टेडियमची वीटही रचली नव्हती, तेव्हाच घंटा वाजली होती. पुढची नऊ वर्षं पत्रापत्री झाली. मधल्या काळात टॉवर मोजकेच उठले, जमीन बरीचशी तशीच पडून राहिली.

ब्रिटनमध्ये वारसास्थळाचा मान मिळाला म्हणून वेगळी परवानगी लागत नाही. इमारत संरक्षित असेल तर तिचा कायदा आहे. बाकी सगळं स्थानिक कौन्सिलच्या नियोजन समितीपुढे येतं. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था सल्ला देते, मंत्र्याला वाटलं तर तो प्रकरण स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. निर्णय मात्र नगरसेवकांचा. त्यांनाच रोजगार हवा असतो, करही हवा असतो. 2018 मध्ये तर स्टेडियमसाठी एव्हर्टनला अठ्ठावीस कोटी पौंडांपर्यंत कर्ज देण्याचा या महापालिकेचा विचार होता. ते बारगळलं, पण राखणदारच सावकार व्हायला निघाला होता.

स्टेडियमची जागा म्हणजे ब्रॅमली-मूर गोदी, 1848 ची, बोटींना कोळसा पुरवणारी. ती बुजवू नका, असं हिस्टॉरिक इंग्लंडने लेखी बजावलं. फेब्रुवारी 2021 मध्ये नगरसेवकांनी एकमताने स्टेडियमला हिरवा कंदील दाखवला, मंत्र्यांनीही अडवलं नाही. 21 जुलै 2021 ला, पुन्हा चीनमध्ये, फुझोऊच्या बैठकीत गुप्त मतदान झालं: तेरा विरुद्ध पाच. ओमानचं अभयारण्य आणि ड्रेस्डेनची एल्ब दरी यांच्यानंतर यादीतून गेलेलं हे जगातलं तिसरं स्थळ. काही दिवसांतच काम सुरू झालं. आयरिश समुद्रातून उपसलेल्या वाळूने गोदी भरली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये लीगचा पहिला सामना झाला.

मी पोचले तेव्हा सामना नव्हता. आवारात रेल्वेचे जुने रूळ तसेच ठेवलेत, 1883 चा हायड्रॉलिक मनोरा डागडुजी करून उभा आहे. गोदीचे काठ वाळूखाली शाबूत आहेत, उद्या उकरून काढता येतील, असं बांधणाऱ्यांचं म्हणणं. उद्या कोण उकरणार? पाणी नसलेल्या गोदीला गोदी म्हणणं मला जड जातं. तरी खरं सांगायचं तर या स्टेडियमचा मला राग येईना. त्याचे नकाशे उघड मांडले गेले, विरोध नोंदला गेला, उघडपणे मतं दिली गेली. काय जाणार आणि काय येणार हे शहराला ठाऊक होतं.

राग यावा अशी गोष्ट दुसरीच आहे. युनेस्कोच्या मतदानाआधी चार महिने, मार्च 2021 मध्ये, मॅक्स कॉलर यांचा सरकारी तपासणी अहवाल आला. पुनर्विकास, रस्ते आणि मालमत्ता ही महापालिकेची तीन खाती त्यात उघडी पडली: संशयास्पद कंत्राटं, मागाहून तयार केलेली कागदपत्रं, राडारोड्याच्या डब्यात फेकलेल्या नोंदी. जूनमध्ये सरकारने आयुक्त बसवले आणि ते तीन वर्षं राहिले. म्हणजे एका महिन्यात शहराचे अधिकार आकसले आणि पुढच्याच महिन्यात मान गेला. युनेस्कोला पाण्यातलं स्टेडियम दिसलं. शहरातली, ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन अर्ध्यावर सोडलेली बांधकामं तिच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती. चायनाटाउनच्या देखण्या कमानीजवळचा ‘न्यू चायनाटाउन’ प्रकल्प त्यातलाच. पैसे गुंतवणारे हाँगकाँगपर्यंतचे, आणि जागेवर वर्षानुवर्षं पत्र्याचं कुंपण. वारशाचं खरं नुकसान अशा ठिकाणी होतं असं मला वाटतं, कारण तिथे हरकत घ्यायला समोर कुणी नसतंच.

लिव्हरपूलमध्ये आयुक्त आले तरी निवडून आलेले नगरसेवक खुर्चीत होते, प्रश्न विचारत होते. आपल्याकडे बोरीबंदरला स्टेशनसमोरच मुंबई महापालिकेचं मुख्यालय आहे. दोन्ही इमारती फ्रेडरिक स्टीव्हन्सच्याच. मार्च 2022 ला तिथल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं एकही नगरसेवक नसताना प्रशासकाने शहर चालवलं. त्या काळात स्टेशनच्या पुनर्विकासाची कोट्यवधींची योजना मंजूर झाली. ती रेल्वेची, हे मान्य. पण समोरच्या सभागृहात तिच्याबद्दल मोठ्याने विचारायला कुणी नव्हतं.

परतताना भिंतीलगतच्या दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला एक कागद दिसला. जवळच्या एका संरक्षित वखारीच्या खिडक्या बदलायच्या होत्या. हरकती व सूचना एकवीस दिवसांत कौन्सिलकडे पाठवाव्यात, असं लिहिलेलं. मी शेवटपर्यंत वाचला. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले.

“हरकत घेणार आहात का?”

“नाही, मी मुंबईची. नुसतं वाचतेय.”

“मग माझ्यासाठी तारीख वाचा. चष्मा घरी राहिलाय.”

मी तारीख वाचून दाखवली. अजून दोन दिवस होते. त्यांनी लाकडी चौकटी की प्लॅस्टिकच्या, तेही विचारून घेतलं, मला दोनदा वाचायला लावलं, आणि अर्जाचा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतला.